चार तास म्हणजे चार तास

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत डायलिसिसचा विषय कसा काय आला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कार्यक्रमपत्रिका वाचून एका वडीलधाऱ्यांनी मला तसे विचारलेसुद्धा. त्यांना मी विनयपिटकातल्या महावग्गाची आठवण करून दिली. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असतो. त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. भगवान बुद्ध आणि आनंद फिरत फिरत तेथे येतात. भगवंत पाणी ओततात, आनंद त्याला धुतो, आणि दोघे मिळून त्याला उचलून मंचकावर निजवतात. ही कथा आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. परंतु तिच्यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. त्यापुढे भगवंतांनी चांगला रुग्ण कोणता आणि चांगला शुश्रूषा करणारा कोणता, याची लक्षणे सांगितली आहेत. चांगला रुग्ण औषध घेतो, आपले दुखणे जसे असेल तसे सांगतो, आणि विशेष म्हणजे हितकारक गोष्टीचीही मात्रा जाणतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वैद्यकीय शहाणपण आहे. माझ्या आजच्या भाषणाचा सारा विषय त्या 'मात्रा' शब्दात आला आहे.

मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून आहे. माझ्या मेहुण्यांना डायलिसिस सुरू झाल्यापासून त्यांच्यासोबत जाण्याचे काम बरेचदा माझ्याकडे येते. त्यामुळे जे पाहिले आणि पाहिल्यावर जे वाचले, विचारून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम मूत्रपिंडाविषयी. आपण विपश्यनेत शरीराच्या बत्तीस भागांची नावे ऐकतो, त्यात 'वक्क' हा शब्द येतो. वक्क म्हणजेच मूत्रपिंड, ज्याला आपण बोलताना किडनी म्हणतो. निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून एक-दीड लिटर लघवी बाहेर टाकतात. त्यांना रविवार नाही, बँक हॉलिडे नाही. आठवड्याचे १६८ तास त्यांचे काम चालू असते. मधुमेह, रक्तदाब, वर्षानुवर्षे मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या अशा कारणांनी त्या निकामी होतात; आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, तो आजारही किडनीला इजा करतो. बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने कसे पोखरले होते, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. तरीही आपल्या वस्त्यांमध्ये साखर आणि रक्तदाब तपासण्याचा आळस आहे तो आहेच. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

किडनी निकामी झाली की तिचे काम मशीनवर सोपवावे लागते. हाताच्या फिस्टुलात दोन सुया टोचतात. एका सुईतून रक्त बाहेर जाते, डायलायझर नावाच्या नळकांड्यातल्या बारीक केसांसारख्या पोकळ धाग्यांतून फिरते आणि दुसऱ्या सुईने परत येते. धाग्यांच्या बाहेरून शुद्ध केलेल्या पाण्याचे द्रावण वाहत असते, साधारण मिनिटाला अर्धा लिटर. रक्तातली घाण त्या द्रावणात उतरते आणि अंगात साठलेले पाणीही ओढून घेतले जाते. आपल्याकडे बहुतेक रुग्णांना आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी चार तास असे डायलिसिस लिहून दिलेले असते. म्हणजे १६८ तासांचे काम आठ किंवा बारा तासांत उरकायचे. हे आधीच तुटपुंजे आहे. त्यातून अर्धा तास कमी झाला तर काय होते?

मी हिशेबाचा माणूस, म्हणून हिशेबच मांडतो. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याचे वर्षाला १०४ वेळा डायलिसिस होते. दर वेळी अर्धा तास कमी पडला तर वर्षाला ५२ तास गेले, म्हणजे चार-चार तासांची १३ डायलिसिसे. त्या माणसाने साडेसहा आठवडे दवाखान्याचे तोंडही पाहिले नाही, असा त्याचा अर्थ होतो. साडेसहा आठवडे डायलिसिसविना राहा असे कोणी म्हणाले, तर घरचे त्याला वेड्यात काढतील. पण दर खेपेला तीस मिनिटे गेली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. रक्तदाबाच्या रोज एका गोळीऐवजी पाऊण गोळी दिली तर आपण केमिस्टशी भांडू. डायलिसिसमध्ये वेळ हेच औषध आहे, हे मात्र आपल्या मनावर ठसलेले नाही.

पाण्याचा हिशेब याहून गंभीर आहे. पंचावन्न किलो वजनाच्या माणसाच्या अंगात दोन डायलिसिसच्या मधल्या काळात तीन लिटर पाणी साठले असे धरू. ते चार तासांत काढायचे तर ताशी ७५० मिलीलिटर ओढावे लागते. तीन तासांत काढायचे तर ताशी पूर्ण एक लिटर. दर किलो वजनामागे ताशी सुमारे १३ मिलीलिटरपेक्षा अधिक वेगाने पाणी ओढले तर हृदयावरचा धोका वाढतो, असे अभ्यासांत आढळले आहे. आपल्या या माणसाच्या बाबतीत ती मर्यादा ७१५ मिलीलिटर येते. म्हणजे चार तासांतसुद्धा तो सीमारेषेच्या थोडा पलीकडेच आहे. तीन तासांत तर फारच पुढे गेला. मग होते काय? रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, घाम सुटतो, आणि रुग्णच म्हणतो, "बस, आता काढा." मशीन लवकर बंद होते, पाणी अंगात राहते, पुढच्या वेळी ते आणखी घाईने काढावे लागते, आणि पुन्हा गोळे येतात. वेळ कमी केल्याने त्रास, आणि त्रासामुळे वेळ आणखी कमी, असे हे चक्र आहे. यात दोष रुग्णाच्या सहनशक्तीचा नसतो. मीठ कमी, पाणी मोजून आणि वेळ पूर्ण, या तिन्ही गोष्टी एकत्र सांभाळल्या तरच ते चक्र थांबते. आपल्या शेवभाजीचे, पापडाचे आणि लोणच्याचे येथे जे व्हायचे ते होते, त्याला इलाज नाही. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनीही शहाद्याची केळी आणि शहाळी आणू नयेत. त्यांतले पोटॅशियम या रुग्णांच्या हृदयाला घातक ठरू शकते. प्रेमापोटी आणलेल्या गोष्टीचीही मात्रा असतेच.

विद्यार्थी मित्रांसाठी या मशीनचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातून आपला प्रश्न उलगडतो. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या नेदरलँड्समधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने हे मशीन बनवले. सामान मिळत नव्हते, म्हणून त्याने सॉसेज नावाचा मांसाचा पदार्थ भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपावर गुंडाळली आणि पिंप पाण्यात फिरवले. पहिले कितीतरी रुग्ण दगावले. १९४५ साली एक ६७ वर्षांची बाई वाचली. ती नाझींना सामील असल्याच्या आरोपावरून तुरुंगात होती, गावाला तिचा तिटकारा होता. कोल्फने तो विचार मनात आणला नाही. आजारी माणूस समोर आला की त्याची जात, पक्ष, गुन्हा पाहायचा नाही, हे त्याने तथागतांचे नाव न घेता करून दाखवले.

पुढे १९६० साली अमेरिकेत सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली आणि पुन्हा पुन्हा डायलिसिस करणे शक्य झाले. परंतु मशीन थोडी आणि रुग्ण पुष्कळ! म्हणून तेथे सामान्य नागरिकांची एक समिती नेमली गेली आणि मशीन कोणाला द्यायचे हे ती ठरवू लागली. नोकरी काय, मुले किती, चर्चला जातो का, समाजाला उपयोग किती, असे निकष. १९६२ साली हे 'लाइफ' साप्ताहिकातून जगापुढे आले आणि मोठी खळबळ उडाली. बंधू-भगिनींनो, माणसाची लायकी ठरवणाऱ्या पंचांचा अनुभव आपल्या समाजाइतका कोणाला असेल? अखेर १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि डायलिसिसचा खर्च बहुतांश लोकांसाठी सरकारने उचलला.

मशीन मिळाले. मग दुसरी गोष्ट सुरू झाली. आरंभीच्या काळात रुग्ण रात्रभर, आठ-आठ, बारा-बारा तास मशीनवर असत. मशीन सुधारली, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत वेळ छाटण्याची टूम निघाली. तीन तास, काही ठिकाणी त्याहूनही कमी. रुग्णालाही लवकर सुटका हवी होती आणि केंद्रालाही पुढची पाळी बसवायची होती, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. नंतरच्या अभ्यासांत दिसले की कमी वेळ घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आहे. अनेक देशांतल्या रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात २००६ साली असे आढळले की, दर अर्ध्या तासाच्या वाढीव वेळेमागे मृत्यूचा धोका सुमारे सात टक्क्यांनी कमी दिसतो. त्याच अभ्यासमालेत, महिन्यातून एक किंवा अधिक वेळा डायलिसिस चुकवणाऱ्यांमध्ये हा धोका सुमारे तीस टक्क्यांनी अधिक आढळला होता. अशा नोंदींवरून कार्यकारण पूर्ण सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. २००२ साली अमेरिकेतच दुसरा एक काटेकोर प्रयोग झाला, त्यात ठरलेल्या मात्रेपेक्षा बरीच जास्त मात्रा देऊनही आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. म्हणून मी 'जास्त मागा' असे सांगत नाही. डॉक्टरांनी जेवढे लिहून दिले आहे तेवढे पूर्ण पदरात पाडून घ्या, इतकीच माझी विनंती आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. पूर्वी किडनीच्या रुग्णाला धुळे, नाशिक नाही तर सुरत गाठावे लागे, आणि पैसे संपले की जाणे थांबे. पुढे काय होई ते आपल्यातल्या अनेक घरांना माहीत आहे. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. राज्यात २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, तिच्यातही डायलिसिस बसते. नंदुरबारला २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. मशीनपर्यंत पोहोचण्याची लढाई पूर्ण नव्हे, पण बरीचशी जिंकली गेली आहे, हे मान्य केले पाहिजे. सरकारने काहीच केले नाही असे म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे, ती येथे सोडावी.

पण मशीनवर बसल्यावर पूर्ण वेळ मिळतो का?

वेळ गळतो कसा, ते मी खुर्चीवर बसून पाहिले आहे. पहिली गळती घड्याळाची. रुग्ण पलंगावर आला तेव्हापासून वेळ लिहिली जाते. सुया टोचून, नळ्या जोडून रक्त प्रत्यक्ष फिरू लागते ते दहा-पंधरा मिनिटांनी. काढतानाही तसेच. दुसरी गळती विजेची. वीज गेली की मशीन बॅटरीवर येते, तेव्हा रक्त फिरत राहते परंतु द्रावण वाहत नाही, म्हणजे सफाई थांबते. जनरेटर सुरू होऊन सारे पूर्ववत होईपर्यंतची मिनिटे शेवटी भरून दिली पाहिजेत. अलार्म वाजून मशीन अडते तेव्हाही तेच. तिसरी गळती पाळीची. सकाळची पाळी उशिरा सुरू झाली तर दुपारचे रुग्ण दारात उभे असतात, आणि ताण मग चालू असलेल्या वेळेवर येतो. यामागे एक व्यवहारही आहे, तो समजून घेतला पाहिजे. डायलिसिसचे पैसे साधारणपणे किती वेळा केले यावर मिळतात, किती तास केले यावर नव्हे. साडेतीन तासांचे बिल आणि चार तासांचे बिल सारखेच. मी कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. परंतु ज्या गोष्टीचे बिल होत नाही ती गोष्ट मोजण्याची तसदी कोणी घेत नाही, एवढे मला नोकरीतून कळले आहे.

मेहुणे आरंभी ज्या केंद्रात जात, त्याचे नाव मी घेणार नाही. तेथल्या कागदावर दर वेळी न चुकता 'चार तास' लिहिलेले असे. माझ्या घड्याळात ते कधी तीन तास चाळीस, कधी तीन तास पंचवीस मिनिटे भरत. महिनाभर मी वहीत वेळा टिपल्या आणि शांतपणे डॉक्टरांपुढे ठेवल्या. त्यांनी वाद घातला नाही. वही पाहिली, टेक्निशियनला बोलावले, आणि त्या आठवड्यापासून फरक पडला. भांडणाने हे झाले नसते. एकेक टेक्निशियन चार-पाच मशीन सांभाळतो, सिस्टरला जेवायला वेळ मिळत नाही. त्यांच्यावर ओरडणाऱ्या नातेवाइकांमुळे वेळ वाढत नाही, मनस्ताप तेवढा वाढतो.

आणि चौथी गळती, आपल्या जिल्ह्यातली सर्वांत मोठी. ती एसटीच्या वेळापत्रकाची. दुपारच्या पाळीत हा संवाद मी कितीदा ऐकला असेल! सिस्टर म्हणते, "आबा, अजून पस्तीस मिनिटं आहेत." आबा म्हणतात, "ताई, पाच वाजेची गाडी गेली तर मी रात्री कुठं झोपू?" ताईपाशी त्याचे उत्तर नसते. ती सुया काढते. कागदावर लिहिले जाते, 'रुग्णाच्या विनंतीवरून लवकर बंद'. कागद खरा आहे. पण ती विनंती आहे का? धडगावचा, मोलगीचा, अक्कलकुव्याच्या आतल्या पाड्यावरचा माणूस पहाटे निघतो, घाट उतरून येतो, आणि त्याच दिवशी परत चढतो. पावसाळ्यात दरडी कोसळतात. २०२१ च्या सप्टेंबरात चांदशैली घाटात दरड पडून रस्ता बंद झाला, तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा चालत निघाला आणि ती वाचली नाही. ती बातमी आपण सर्वांनी वाचली होती. डायलिसिसच्या रुग्णाची एक खेप घाटात अडकली की मधले अंतर दोन दिवसांचे चार-पाच दिवस होते. गावात राहणाऱ्या, रिक्षाने दहा मिनिटांत घरी पोहोचणाऱ्या माणसाला सगळे चार तास मिळतात, आणि ज्याला त्यांची अधिक गरज आहे त्याचे कापले जातात. विषमता कागदावर दिसत नाही, कारण खेपांची संख्या दोघांचीही सारखीच असते.

येथे मला बाबासाहेबांची आठवण होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला, आणि १९४६ च्या कारखाने कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. मजुराचे तास हा दयेचा विषय नसून कायद्याचा विषय आहे, ही त्यामागची दृष्टी होती. आपल्या रुग्णाचे चार तासही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजेत. तेथे तास कमी करून घ्यायचे होते, येथे ते कमी होऊ द्यायचे नाहीत.

काय करावे, याविषयी मला काही सुचवायचे आहे.

बँकेत रोखपालाच्या खिडकीवर एक पाटी असते: काउंटर सोडण्यापूर्वी रोख मोजून घ्यावी. कोणी ग्राहक पैसे मोजू लागला तर आम्हाला राग येत नाही. तसेच प्रत्येक रुग्णाचे स्वतःचे पासबुक असावे. साधी शाळेची वही पुरे. तारीख, लिहून दिलेला वेळ, रक्त फिरू लागले ती वेळ, थांबले ती वेळ, आधीचे वजन, नंतरचे वजन, रक्तदाब, आणि वेळ कमी झाला असेल तर कारण. सोबत गेलेल्या मुलाने किंवा सुनेने ते लिहावे. महिन्याला डॉक्टर भेटतील तेव्हा वही दाखवावी. त्याच भेटीत डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा युरिया विचारावा. आधी १५० आणि नंतर ५० असेल, तर दोन-तृतीयांश युरिया निघाला, म्हणजे सुमारे ६७ टक्के. हे प्रमाण निदान ६५ टक्के असावे असे मानतात. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस होणाऱ्यांना तेवढ्यावर समाधान मानता येईलच असे नाही, ते डॉक्टरांनी ठरवावे. आकडा सतत कमी येत असेल तर वेळ, सुई, फिस्टुला, यांत कोठे तरी गडबड आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. छातीत दुखू लागले, रक्तदाब फार खाली गेला, शुद्ध हरपू लागली, तर डॉक्टर मशीन थांबवतील आणि ते योग्यच असेल. तेव्हा 'चार तास झाले पाहिजेत' म्हणून हट्ट धरणारा नातेवाईक रुग्णाचा शत्रू होय. पण नंतर विचारावे की राहिलेला वेळ कधी भरून देणार, पाणी ओढण्याचा वेग कमी करता येईल का, कोरडे वजन पुन्हा ठरवायचे का. आणि रुग्णानेही खरे सांगावे. काल लग्नात किती पाणी प्यायलो हे टेक्निशियनपासून लपवणारे महाभाग मी पाहिले आहेत. महावग्गातले 'दुखणे जसे असेल तसे सांगणे' ते हेच.

फुले योजनेतल्या रुग्णांसाठी दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. तक्रार प्रथम त्याच्याकडे, लेखी, वहीतल्या नोंदींसह करावी. योजनेचा १५५३८८ हा फोन क्रमांक आहे. रेल्वेत डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. नवापूरकडून येणाऱ्यांनी ती घ्यावी, दवाखान्याचे प्रमाणपत्र लागते. एसटीच्या सवलतीची चौकशी आगारात करावी. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहेच, त्यामुळे सोबतीला घरातील बाईमाणूस आली तर खर्चही वाचतो.

आता संस्थेविषयी. माझी पहिली सूचना कदाचित काहींना रुचणार नाही. नंदुरबार शहरात राहणाऱ्या आपल्या समाजबांधवांपैकी ज्यांचे डायलिसिस सकाळच्या सोयीच्या पाळीत होते, त्यांनी ती पाळी घाटावरून येणाऱ्यांसाठी सोडावी आणि स्वतः शेवटच्या पाळीत बसावे. सर्वांत दूरच्याला अशी पाळी मिळावी, की चार तास पूर्ण होऊनही परतीची गाडी हाती राहील. केंद्रचालकांना यात एक पैशाचा खर्च नाही. पण रुग्णांची तयारी असल्याशिवाय ते करणार नाहीत, आणि तयारी दाखवायची तर ती आपल्यापासून. मी हे मेहुण्यांसमोर बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "रात्री आठला घरी येईन, एवढंच ना?" त्यांनी पाळी बदलून मागितली आहे.

दुसरे, विहाराच्या मागची खोली वर्षातले बरेच दिवस रिकामी असते. तेथे दोन पलंग, दोन चादरी आणि पाण्याची सोय केली तर गाडी चुकलेला रुग्ण आणि त्याचा सोबती रात्र काढू शकेल. रुग्ण आपल्या समाजाचा असो वा भिल्ल, पावरा, मुसलमान असो, किल्ली सर्वांसाठी असावी. कार्यकारिणीत यावर मतभेद आहेत, ते मला ठाऊक आहे. देखभाल कोण करणार, किल्ली कोणाकडे राहणार, कोणी आजारी पडले तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे बसून ठरवावी लागतील. पण तोपर्यंत आबांनी पाच वाजेच्या गाडीसाठी पस्तीस मिनिटे सोडत राहावे का, हाही प्रश्न त्याच बैठकीत घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी काम सोपे आहे आणि कंटाळवाणेही. आठवड्यातून एक दुपार डायलिसिस केंद्रात, परवानगी घेऊन, ज्यांच्यासोबत कोणीच आलेले नाही अशा रुग्णांच्या वह्या लिहायच्या. सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ. मधले चार तास तुम्ही अभ्यास करू शकता, तेथे पंखा असतो. ज्यांना अहिराणी, भिली किंवा पावरी येते त्यांचा उपयोग अधिक, कारण 'पाणी कमी प्या' हे मराठीत सांगून कित्येकांना पोहोचत नाही. विज्ञान शाखेच्या मुलांनी डायलिसिस टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाचीही माहिती काढावी. आपल्या भाषेत बोलणारा टेक्निशियन असला तर आबा पाणी किती प्यायले ते लपवणार नाहीत.

अध्यक्ष महोदयांच्या परवानगीने दाराजवळच्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत पाळी बदलण्यास तयार असलेल्या शहरातील रुग्णांनी नाव आणि डायलिसिसचे वार लिहावेत. दुसरीत दुपार देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्यांनी. खोलीविषयीची बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारातच आहे, सभासद नसलेल्यांनीही यावे. 

जयभीम! नमो बुद्धाय!